सासऱ्यांचे ९० आणि सुनेचे ९९

पत्र

माननीय डॉक्टर, सादर नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. त्यांनी ३५ वर्षे यंत्रमागावर काम केले आणि तेवढीच वर्षे विडी ओढली. आताही दिवसाला दोन-तीन होतात. गेल्या महिन्यात दम वाढला म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. घरी सोडताना डॉक्टरांनी सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार असल्याचे सांगितले, ऑक्सिजनचे यंत्र १ लिटरवर ठेवा आणि बोटावरच्या मीटरमध्ये ८८ ते ९२ एवढाच आकडा राहू द्या, असे बजावले. माझे दीर पुण्याला असतात. करोनात ९४ च्या खाली आकडा गेला की धावपळ व्हायची, मग आता ९० कसे चालेल, असे म्हणून त्यांनी फोनवरून यंत्र ४ लिटरवर करायला लावले. आकडा ९८ झाला आणि आम्ही सगळे निर्धास्त झोपलो. पहाटे मामा हाका मारूनही नीट जागे होईनात. डोके दुखते म्हणाले, काहीतरी असंबद्ध बोलू लागले. घाबरून आम्ही यंत्र पुन्हा १ वर आणले. दुपारपर्यंत ते सावध झाले. ऑक्सिजन जास्त मिळाल्याने माणसाला अपाय कसा होईल? दुसरा प्रश्न माझा आहे. मी घरी विड्या वळते. तोच मीटर माझ्या बोटाला लावला तर ९९ दाखवतो. पण नळाला पाणी आले की दोन हंडे आणेपर्यंत मला धाप लागते आणि छाती धडधडते. मागे एका शिबिरात माझे हिमोग्लोबिन ७.६ निघाले होते. मामांचे १६ आहे. मीटर बिघडला असेल का?
— एक सून, सोलापूर

उत्तर

ताई, सविस्तर उत्तराआधी एक काम सांगतो. ते आजच करावे. सासरे दुपारपर्यंत सावध झाले म्हणून तो प्रसंग टळला, असे समजू नका. त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, त्या रात्री यंत्र किती लिटरवर होते आणि पहाटे काय घडले ते जसेच्या तसे सांगा, आणि मनगटाच्या धमनीतील रक्त घेऊन त्यातील वायूंची तपासणी करावी लागेल का, असे विचारा. तुम्ही वर्णन केलेली गुंगी, डोकेदुखी आणि असंबद्ध बोलणे ही रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याची लक्षणे असण्याची दाट शक्यता आहे, आणि बोटावरचा मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. दिरांवर मात्र घरात कोणी रागावू नये. करोनाच्या काळात ९४ हा आकडा घराघरांत पाठ झाला होता आणि त्या आजारासाठी तो योग्यही होता. परंतु तो पूर्वी धडधाकट असलेल्या फुप्फुसांवर अचानक आलेल्या आजाराचा आकडा होता, वर्षानुवर्षे झिजलेल्या फुप्फुसांचा नव्हता. ८८ ते ९२ ही मर्यादा सांगताना तिच्यामागचे कारणही दोन वाक्यांत सांगितले गेले असते, तर ती रात्र तुमच्यावर आली नसती. ते कारण आता मी सांगतो.

आधी मीटरविषयी, कारण तो बिघडलेला नाही. जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या तत्त्वावर तो चालतो. बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाशकिरण पाठवले जातात आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ते किती शोषले गेले, यावरून रक्तातील हिमोग्लोबिनपैकी शेकडा किती भाग ऑक्सिजनने भरलेला आहे, हे काढले जाते. यातील ‘शेकडा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्ही नळावरून पाणी आणता, म्हणून हंड्यांचेच उदाहरण घेऊ. हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारे हंडे. मीटर सांगतो ते इतकेच, की जे हंडे आहेत ते काठोकाठ भरले आहेत की थोडे रिकामे आहेत. घरात एकूण हंडे किती आहेत, हे तो सांगत नाही.

आता हिशेब करून पाहा. १ ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले तर ते सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरते. तुमच्या १०० मिलिलिटर रक्तात ७.६ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. ते ९९ टक्के भरले, तरी त्यात ऑक्सिजन साधारण १० मिलिलिटरच होतो. सासऱ्यांच्या तेवढ्याच रक्तात १६ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. ते केवळ ९० टक्के भरले, तरी ऑक्सिजन १९ मिलिलिटरच्या वर जातो. म्हणजे ज्या ९० ची तुम्हा सर्वांना धास्ती वाटली, त्या रक्तात तुमच्या ९९ च्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन आहे. याचा अर्थ सासरे तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत असा नाही; त्यांचे दुखणे वेगळ्या ठिकाणी आहे. परंतु या घरात ज्या व्यक्तीची काळजी कोणीच केलेली नाही ती तुम्ही आहात, हे त्या दोन आकड्यांतून मला स्पष्ट दिसते.

हिमोग्लोबिनशिवाय आपले भागणारच नाही, कारण ऑक्सिजन पाण्यात फार थोडा विरघळतो. १०० मिलिलिटर रक्ताच्या द्रवभागात तो जेमतेम ०.३ मिलिलिटर मावतो. स्वस्थ बसलेल्या माणसालाही मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, आणि हृदय मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त ढकलते. केवळ विरघळलेल्या ऑक्सिजनवर भिस्त ठेवली, तर त्यातून मिनिटाला १५ मिलिलिटरच मिळाले असते.

८८ ते ९२ हाच टप्पा का निवडला, याचे उत्तर हंडे भरण्याच्या पद्धतीत आहे. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनसाठी चार जागा असतात आणि एक जागा भरली की पुढच्या भरणे सोपे होते. त्यामुळे ऑक्सिजनचा दाब आणि भरलेले प्रमाण यांचे नाते सरळ रेषेत चालत नाही. निरोगी माणसाच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो आणि हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेले असते. हा दाब ६० पर्यंत उतरला, तरी ते ९० टक्के भरलेले राहते. त्याच्या खाली मात्र उतार एकदम तीव्र होतो आणि दाब ४० झाला की ७५ टक्क्यांच्या जवळ येतो. म्हणजे ९० च्या आसपास राहणे हे कड्याच्या टोकावर नव्हे, पण कड्यापासून थोड्याच अंतरावर सपाटीवर उभे राहण्यासारखे आहे. तिथून ९८ वर नेऊन पदरात फार थोडे पडते. ८५ पर्यंत घसरू देणे मात्र धोक्याचे आहे, म्हणून ८८ ही खालची मर्यादा वरच्या मर्यादेइतक्याच काटेकोरपणे पाळायला हवी.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो: श्वास घ्यायला लावते कोण? आपण समजतो की ऑक्सिजन कमी पडला की श्वासाची ओढ लागते. प्रत्यक्षात ती ओढ बहुतांशी कार्बन डायऑक्साइडमुळे लागते. मेंदूच्या अगदी तळाशी, मज्जारज्जू जिथे सुरू होतो त्याच्या वर, लंबमज्जा नावाचा भाग आहे. तेथील चेतापेशींचे समूह झोपेतही न थांबता मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वासपटलाला आणि बरगड्यांमधील स्नायूंना आकुंचनाचा आदेश देतात. आदेश किती वेगाने आणि किती जोरात द्यायचा, हे ठरवण्यासाठी लंबमज्जेच्या पृष्ठभागाजवळ संवेदक असतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड मेंदूभोवतीच्या द्रवात सहज शिरतो, तिथे पाण्याशी मिळून आम्लता वाढवतो आणि ती आम्लता हे संवेदक टिपतात. धमनीतील कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो दोन-तीन मिलिमीटरने वाढला, तरी श्वास ठळकपणे वाढतो. १९०५ साली ऑक्सफर्डमध्ये हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी ही गोष्ट प्रयोगाने दाखवून दिली. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे संवेदक वेगळे आहेत. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणारी धमनी जिथे दुभंगते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढे ते असतात. त्यांच्या आणि महाधमनीजवळच्या तशाच संवेदकांच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल बेल्जियमचे कोर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० च्या आसपास येईपर्यंत हे दाणे फारशी हाकाटी करत नाहीत.

याच कारणाने उन्हाळ्यात विहिरीवर पोहणाऱ्या मुलांना मी नेहमी एक गोष्ट बजावतो, ती इथेही लिहून ठेवतो. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावे म्हणून काही मुले बुडी मारण्याआधी भराभर, खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण हंडे आधीच भरलेले असतात. कार्बन डायऑक्साइड मात्र पुष्कळ कमी होतो. मग पाण्याखाली श्वासाची ओढ उशिरा लागते आणि ती लागण्यापूर्वीच ऑक्सिजन संपत येऊन पोहणारा कोणतीही जाणीव न होता बेशुद्ध पडतो. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी मुले असतील, तर त्यांना हे आवर्जून सांगा.

कार्बन डायऑक्साइडचा प्रवास ऑक्सिजनपेक्षा निराळा आहे. त्याचा थोडा भाग रक्तात विरघळून जातो, पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांना चिकटून जातो आणि सुमारे ७० टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात जातो. खाण्याच्या सोड्यात असते तेच हे बायकार्बोनेट. लाल पेशींतील एक विकर (एन्झाइम) हे रूपांतर क्षणार्धात घडवते, आणि फुप्फुसात पोहोचल्यावर तीच क्रिया उलटी होऊन वायू बाहेर पडतो. इथे निसर्गाची एक सुरेख योजना आहे. काम करणाऱ्या स्नायूजवळ आम्लता आणि उष्णता वाढली की हिमोग्लोबिन आपला ऑक्सिजन तिथे अधिक सहज सोडते. यातला कार्बन डायऑक्साइडमुळे होणारा परिणाम १९०४ साली कोपनहेगनच्या क्रिस्टियान बोर यांनी सहकाऱ्यांसह दाखवला. उलट फुप्फुसात हिमोग्लोबिनला ऑक्सिजन मिळाला की त्याची कार्बन डायऑक्साइड धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि तो बाहेर टाकला जातो. निरोगी फुप्फुसात ही देवघेव बिनबोभाट चालते.

सासऱ्यांच्या फुप्फुसांत ती बिनबोभाट चालत नाही. विडीच्या धुराने आणि मागाच्या खात्यातील सुताच्या धुळीने त्यांच्या श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत, काही वायुकोश नष्ट झाले आहेत आणि आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. अशा रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड हळूहळू वाढतो, मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून आम्लता सावरतात आणि लंबमज्जेतील संवेदक त्या वाढीव पातळीला सरावतात. त्यात ४ लिटरचा ऑक्सिजन आला. ज्या वायुकोशांत हवा नीट पोहोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आवळून घेऊन रक्त चांगल्या भागाकडे वळवायचे, ही फुप्फुसाची शहाणी सवय असते. भरपूर ऑक्सिजन मिळाल्यावर त्या वाहिन्या सैलावतात, रक्त पुन्हा त्या निकामी भागांतून वाहू लागते आणि आपला कार्बन डायऑक्साइड तिथे न टाकता तसेच परत येते. शिवाय हंडे ऑक्सिजनने काठोकाठ भरल्यामुळे त्यांना चिकटलेला कार्बन डायऑक्साइड सुटून रक्तातील त्याचा दाब वाढतो. निरोगी माणूस दोन श्वास जास्त घेऊन तो बाहेर टाकेल, पण सासऱ्यांच्या फुप्फुसांना ते जमत नाही. तिसरे म्हणजे गळ्यातील ते दाणे शांत होतात आणि श्वास थोडा मंदावतो. आम्ही शिकत असताना हे तिसरे कारणच मुख्य म्हणून शिकवले जात असे. आता पहिल्या दोन कारणांचा वाटा अधिक मोठा मानला जातो आणि मलाही तेच पटते. परिणाम तुम्ही डोळ्यांनी पाहिला: मीटर ९८ दाखवत होता आणि माणूस गुंगीत जात होता.

तुमच्या डॉक्टरांची सूचना हे त्यांचे खासगी मत नाही. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात रुग्णवाहिकेतून नेल्या जाणाऱ्या अशा रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. मोकळ्या हाताने ऑक्सिजन दिलेल्यांपैकी ९ टक्के रुग्ण दगावले, तर ८८ ते ९२ ही मर्यादा पाळून दिलेल्यांपैकी ४ टक्के. ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याला मात्रा आहे, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

आता घरात काय करायचे ते सांगतो. यंत्राचा काटा डॉक्टरांच्या शब्दाशिवाय कोणीही हलवू नये. डॉक्टरांनी रोज १५ तास किंवा त्याहून अधिक वेळ लावायला सांगितले असेल, तर तेवढे तास भरलेच पाहिजेत. बरे वाटते म्हणून काढून ठेवण्याने नुकसान होते. पुन्हा कधी गुंगी, सकाळची डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे किंवा पुढे धरलेल्या हातांची फडफड दिसली, तर यंत्र एकदम बंद करू नका, कारण त्याने ऑक्सिजन झपाट्याने घसरतो. ते ठरलेल्या लिटरवर आहे ना, एवढे पाहा आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. आपल्या सिव्हिलमध्येही अशा रुग्णावर उपचार होतात. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा खोकल्याचे गुंगी आणणारे औषध दुकानातून परस्पर आणून देऊ नका. त्या औषधांनी लंबमज्जेचे काम मंदावते. वीज जाते तेव्हा काय करायचे, भरलेला सिलिंडर कोठून आणायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

विडीविषयी मला कठोर बोलावे लागेल. नाकात ऑक्सिजनची नळी असताना पेटवलेली विडी चेहरा भाजून काढू शकते आणि अंथरूणही पेटवू शकते. देवघरातील समई, उदबत्ती आणि गॅसची शेगडी याही यंत्रापासून आणि नळीपासून चांगल्या लांब असल्या पाहिजेत. शिवाय विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि घरातला साधा मीटर त्या हंड्यांनाही ऑक्सिजनने भरलेले समजतो. म्हणजे विडी ओढल्यानंतरचा ९० हा खरा ९० नसतो. ‘दोन-तीनच’ ही सवलत सासऱ्यांना देऊ नका. तुमचे विड्या वळण्याचे काम घर चालवते, हे मला ठाऊक आहे आणि ते सोडा असे मी म्हणणार नाही. पण तंबाखूचे सूप त्यांच्या खाटेजवळ न ठेवता अंगणात किंवा वेगळ्या खोलीत मांडून बसा. त्यात तुमच्याही छातीचे हित आहे.

आता तुमच्याविषयी. गळ्यातील ते दाणे ऑक्सिजनचा दाब पाहतात, एकूण साठा पाहत नाहीत. तुमच्या फुप्फुसांत काही दोष नसावा. दाब पुरेसा आहे, म्हणून विड्या वळत बसलेल्या असताना तुम्हाला काही जाणवत नाही आणि मीटरही ९९ दाखवतो. हंडा उचलून चालू लागलात की स्नायूंची मागणी वाढते, तुमचे निम्मे हंडे ती पुरवू शकत नाहीत, स्नायूंत आम्ल साचते, आणि उरलेल्या हंड्यांच्या जास्त खेपा करण्यासाठी हृदयाला धावावे लागते. ती धाप आणि धडधड ही याचीच. सासऱ्यांचे यंत्र स्वतःला लावून पाहण्याचा मोह होईल. त्याचा उपयोग नाही, कारण काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही. तुम्हाला हंडे वाढवायला हवेत.

स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की पंडुरोग धरला जातो आणि ८ च्या खाली तो तीव्र मानला जातो. ७.६ हा आकडा शिबिरातून घरी येऊन विसरून जाण्याचा नव्हता. या आठवड्यातच तपासणी करून घ्या आणि कारण शोधायचा आग्रह धरा: पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, जंत आहेत का, लोह कमी आहे की बी-१२. कारण सापडले नाही, तर गोळ्या संपल्यावर आकडा पुन्हा घसरेल. लोहाच्या गोळ्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रातही मिळतात. मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या आणि तिच्या आधी व नंतर तासभर तरी चहा टाळा, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. शौच काळसर झाले तर घाबरू नका. पालेभाजी, कडधान्ये, शेंगदाण्याची चटणी जरूर खा, पण ७.६ वरून वर येण्यासाठी केवळ आहार पुरणार नाही. लोहाची कमतरता हेच कारण असेल, तर महिन्याभरात आकडा वर सरकलेला दिसू लागतो. तरीही गोळ्या पुढे काही महिने चालू ठेवाव्या लागतात, कारण शरीरातील साठा भरायला वेळ लागतो. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखले, पाय सुजले किंवा चक्कर येऊन पडलात, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जा.

हे उत्तर दिरांना वाचून दाखवा आणि ‘१ लिटर, ८८ ते ९२’ असे मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राशेजारच्या भिंतीवर लावा. सासऱ्यांच्या तपासणीत काही बदल सांगितला गेला, तर तो कागदही बदला. तुमचा नवा अहवाल आल्यावर आकडा मला कळवा. तोपर्यंत नळाचे पाणी घरातील दुसऱ्या कोणीतरी भरावे, असे डॉक्टरांनी लिहून कळवले आहे म्हणून सांगा.